खंडेनवमी, दुपारी बारा चाळीस

तुम्ही एका आंधळ्या पोरीच्या कॉम्प्युटरचं तोंड दाबलं. अपघातानं नाही, व्हायरसनं नाही, लाईट गेली-आली म्हणून नाही. खुर्चीवर बसून, बोटांनी टाईप करून दाबलं. तुमचं नाव मला माहीत नाही. कॉम्प्युटर फक्त एवढंच म्हणतो की तुमच्या प्रशासकाशी संपर्क साधा. कार्यालयात विचारलं तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. म्हणून हा संपर्क असा, छापून, साधून राहिलो आहे.

मी दुर्गेश. इतवारीत भांड्यांच्या दुकानांमागच्या बोळीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. बारावी नापास. जे येतं ते मशीन उघडून उघडून आलं.

कार्यालयाचं नाव लिहीत नाही. तिथं लोक तक्रारी करतात. नाली तुंबली, खांबावरचा दिवा गेला, नळाला गढूळ पाणी. तक्रार नोंदवायची, ज्याचं काम त्याच्याकडे पाठवायची, काम झालं की ‘निवारण झाले’ लिहून बंद करायची. तीन कॉम्प्युटर. एकावर अधीक्षक सुमंत सर, दुसऱ्यावर नीलाताई, तिसऱ्यावर सोनिका. आणि झाडझूड, चहापाणी, कुलूपकिल्ली बघणाऱ्या रंभाबाई.

सोनिका सव्वीस वर्षांची. सातवीत असताना तिची नजर गेली. मे महिन्यात ती इथं लागली, सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर. सहा महिन्यांत काम दिसलं तर कायम, नाही तर नमस्कार. तिचं काम चालतं एका सॉफ्टवेअरवर. पडद्यावर जे लिहिलेलं असतं ते ते वाचून दाखवतं, ती हेडफोन लावून ऐकते आणि टाईप करते. फुकट मिळतं. तिच्या कॉम्प्युटरवर मीच टाकून दिलं होतं. इतक्या भरभर ऐकते की मला त्यातला एक शब्द कळला नाही. मी म्हटलं, “हे काय मराठी आहे का बाईसाहेब?” तर हसून म्हणाली, “भाऊ, तुमचे कान गाडीत बसलेले आहेत, माझे विमानात.”

दसऱ्याआधी ती दिवसाला चाळीस तक्रारी हातावेगळ्या करत होती. आणखी एक गोष्ट करत होती, जी तिला कोणी सांगितली नव्हती. ‘निवारण झाले’ लिहिलेल्या जुन्या तक्रारी ती ऐकायची आणि तक्रारदाराला फोन लावायची. “काका, तुमची नाली झाली का साफ?” काका म्हणायचे, “कायची साफ वं बाई, डासांनी घर सोडाची पाळी आली.” मग ती तक्रार पुन्हा उघडायची. अशा एकसष्ट तक्रारी तिनं उघडल्या. त्या बंद केल्या होत्या कोणी, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

दसऱ्यानंतर दोन आठवड्यांनी मला तिचा फोन आला.

“भाऊ, एक स्पीकर घेऊन याल का? माझ्या कॉम्प्युटरचा आवाज गेला.”

“कधीपासून?”

“दसऱ्यापासून. नीलाताई म्हणते, पूजेत कुंकू गेलं आत. दोन हेडफोन बदलले मी. मोबाइलवर चालतात, इथं नाई चालत.”

“काहीच आवाज नाही?”

“सकाळी सॉफ्टवेअर चालू करायची बटणं दाबते तं फक्त टण् वाजते. मंग सगळं चूप.”

“टण् वाजते तर आवाज गेला कुठं?”

“मीही तेच विचारलं. नीलाताई म्हणाली, आवाजाचं कार्ड अर्धं जळलं असंल.”

अर्धं जळलेलं कार्ड मी आजवर पाहिलं नाही. जळलं तर जळलं. स्पीकर घेतलाच नाही मी. नुसता गेलो.

मी पोचलो तेव्हा सुमंत सर जागेवर नव्हते. नीलाताई बाजूच्या टेबलावर मटार सोलत होत्या. म्हणाल्या, “या दुर्गेशभाऊ. आणला का स्पीकर?” मी म्हटलं, आधी बघू तर द्या. सोनिकाला म्हटलं, रोज सकाळी करते तसं कर. तिनं तीन बटणं एकदम दाबली. टण्. आणि पडद्याच्या मधोमध एक चौकट उभी राहिली.

“काही दिसून राहिलं का भाऊ?”

“दिसून राहिलं. इंग्रजीत लिहिलं आहे. या कॉम्प्युटरवर लावलेल्या निर्बंधांमुळे ही क्रिया रद्द केली आहे. आपल्या प्रशासकाशी संपर्क साधा.”

तिनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला. मग हळू आवाजात म्हणाली, “हे आत्ताच आलं का?”

“नाही. टण् वाजलं तेव्हा हेच येत असणार.”

“म्हणजे रोज.”

“रोज.”

तिनं मान बाजूच्या टेबलाकडे वळवली. “नीलाताई, तुम्ही तं रोज उठून माझ्या स्क्रीनवर पाहत होत्या. मी विचारत होती न तुम्हाला, काय दिसते म्हणून.”

मटारच्या शेंगा थांबल्या. “अवं, मले इंग्रजी एवढं कुठं समजते वं? काहीतरी एरर होता. मी तुले म्हटलं न, खराब झाला म्हणून. खराबच तं झाला.”

वरून येणारे इंग्रजी आदेश या बाई रोज मराठीत उतरवून फाइलला लावतात. मी ते त्यांच्या तोंडावर बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, “दुर्गेशभाऊ, तुम्ही स्पीकर दुरुस्त कराले आले का पंचाईत कराले?”

इथं थोडं थांबून विचार करा. दुसऱ्या कोणाचा प्रोग्राम बंद केला असता, तर त्यानं पहिल्याच दिवशी चौकट वाचली असती आणि आरडाओरडा केला असता. हिला ती चौकट वाचून दाखवणारं जे होतं, तेच तुम्ही बंद केलं. चोरानं कुत्र्याच्या तोंडाला आधी फडकं बांधावं तसं. हे ज्याला सुचलं तो मूर्ख नाही.

तरी मी म्हटलं, आधी साधा उपाय करू. पेनड्राइव्ह लावला, तेच सॉफ्टवेअर नव्यानं टाकायला घेतलं. टण्. तीच चौकट. मग विंडोजचं स्वतःचं एक वाचणारं असतं, मराठीत अडखळतं पण चालतं, ते सुरू केलं. टण्.

तेव्हा मात्र मी पेनड्राइव्ह काढून घेतला. कारण हे कुलूप मी ओळखत होतो. ते मीच बनवलं होतं.

लपवत नाही, सांगतो. तीन वर्षांपूर्वी या कार्यालयात दुपारी कॉम्प्युटरवर पत्ते चालायचे. कोणीतरी वर कळवलं. सुमंत सरांनी मला बोलावलं. “दुर्गेश, हे पत्ते बंद कर, आणि पुन्हा कोणी काही टाकलं तर तेही बंद करता आलं पाहिजे.” कॉम्प्युटरच्या पोटात एक यादी असते. त्या यादीत प्रोग्रामचं नाव लिहिलं की तो चालत नाही. मी तिन्ही मशीनवर यादीत पत्त्यांच्या खेळाचं नाव लिहिलं. वरून शहाणपणा म्हणून एका कागदावर मराठीत पायऱ्या लिहून दिल्या. आधी हे उघडा, मग तिथं जा, मग नाव लिहा. खाली प्रशासकाचा पासवर्डही लिहिला. सगळे बाजूला उभे राहून बघत होते. तो कागद त्यांनी फाइलींच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. म्हणजे कुलपाची किल्ली मी कुलपालाच बांधून दिली. ही माझी चूक. हिची शिक्षा मला द्या, पोरीला नको.

सोनिकाच्या मशीनवर मी ती यादी उघडली. चार नावं होती. पहिलं पत्त्यांचं, माझं. दुसरं तिचं सॉफ्टवेअर टाकणाऱ्या फाइलचं. तिसरं त्या सॉफ्टवेअरचं. चौथं विंडोजच्या वाचणाऱ्याचं. शेवटच्या तिन्हींचं काम एकच, बोलणं. नीलाताईंना न विचारता मी त्यांच्या मशीनवर बसलो. तिथं फक्त पत्ते. सुमंत सरांच्या मशीनवर फक्त पत्ते.

मग यादीच्या फाइलवर शेवटचा बदल कधी झाला ते पाहिलं. खंडेनवमीची तारीख. दुपारी बारा चाळीस.

“खंडेनवमीले?” सोनिका म्हणाली. “खंडेनवमीले तं कोणी मशीनले हात लावला नव्हता.”

आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. शेतकऱ्याचा नांगर, सुताराची करवत, माझे पेचकस, कार्यालयात कॉम्प्युटर. हळदकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा, नारळ ठेवायचा. पूजेला बसलेलं हत्यार मग उचलायचं नाही. दसऱ्याचं सोनं लुटून झालं की मगच. हे कोणी फलकावर लिहीत नाही, पण वर्षभर नियम धाब्यावर बसवणारे हात त्या दिवशी मशीनपासून दूर राहतात. कार्यालयाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या दिवशीचा फोटो आहे, अकरा वाजून वीस मिनिटांचा. तिन्ही कॉम्प्युटर बंद, कपाळावर कुंकू, सगळे हात जोडून. त्यानंतर प्रसाद आणि सुट्टी.

कोणीतरी हिशेब बरोबर केला होता. त्या दिवशी खोली रिकामी असणार, आणि पुढं कोणी विचारलंच तर सगळे शपथेवर सांगणार की मशीनला कोणीही शिवलं नाही. सगळे खरंच बोलतील. पण त्याच्या एक लक्षात आलं नाही. इतर कोणत्याही दिवशी ती यादी बदलली असती, तर मी शंभर माणसांवर संशय घेतला असता. त्या दिवशी मात्र बसणारा एकच होता, आणि त्याला कुंकवाचीही भीती नव्हती.

मी रंभाबाईंना गाठलं. त्या मागच्या अंगणात कप विसळत होत्या.

“रंभाबाई, खंडेनवमीले खोली कोणी बंद केली?”

“म्याच केली. काहून गा?”

“सोनिकाच्या कॉम्प्युटरवर कोणी बसलं होतं त्या दिवशी?”

“पूजेतल्या हत्याराले कोन हात लावते गा? पाप लागते.” दोन कप विसळून झाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “पन एक सांगू का? दसऱ्यानंतर खोली उघडली, तं बाकी दोघांवरचे झेंडू जागच्या जागी सुकले होते. या पोरीच्या मशीनवरचा फूल टेबलाच्या कोपऱ्यात होता. अन् तांदूळ असे एका बाजूले सारलेले. मले वाटलं, उंदीर.”

“उंदीर तांदूळ खाते. सारून नाही ठेवत.”

“तेच तं.”

“किल्ली कोणाजवळ होती?”

“किल्ली खिळ्याले टांगलेली राह्यते. कोनीही घे.” मग पदराला हात पुसत म्हणाल्या, “माह्यं नाव घेऊ नोको बापा. कंत्राटावर हाओ मी.”

नाव मी घेतलं आहे. कारण पुढं काय झालं ते सांगितल्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही. माफ करा, रंभाबाई. तुमचं खरं नाव हे नाही, एवढी काळजी मी घेतली आहे.

परत येऊन मी सोनिकाला म्हटलं, “दोन मिनिटांचं काम आहे. यादीतून तीन नावं काढतो. नाही तर त्याहून सोपं, प्रोग्रामच्या फाइलचं नावच बदलतो. यादी नावावर चालते. नाव बदललं की तिला ओळखू येत नाही. आत्ता बोलायला लागेल तुझं मशीन.”

ती चटकन हो म्हणेल असं मला वाटलं होतं. दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या की पहिल्याच सोमवारी तिच्या प्रोबेशनची बैठक होती. दोन आठवड्यांत तिचं काम रोजच्या चाळीसवरून तीनवर आलं होतं. ते तीनही नीलाताईंना वेळ असला तर.

“नाई,” ती म्हणाली. “नाव बदलून चालवलं तं उद्या म्हणतील, प्रशासकानं बंद केलेलं हिनं चोरून चालवलं. मले काढायचं कारण मीच सही करून दिलं असं होईल. अन् यादी पुसली तं कोणी लिहिलं होतं हे कसं दाखवणार? तुम्ही फोटो काढा, भाऊ. सगळ्याचे. तारखेचा पण.”

“पण मग तुझं काम?”

“काम तं मले करायचंच आहे. पण लपून काहून करू? मी काय पत्ते खेळून राहिली का?”

मी फोटो काढले. तिनं मोबाइलवर बोलून अर्ज तयार केला. माझे सॉफ्टवेअर कोणी व कोणत्या आदेशाने बंद केले ते कळवावे व ते सुरू करून द्यावे. दोन ओळी. तो घेऊन आम्ही सुमंत सरांपुढं उभे राहिलो.

सुमंत सर सभ्य माणूस. आवाज कधी चढत नाही. “अहो, हे सुरक्षेचं धोरण आहे. बाहेरचं सॉफ्टवेअर चालवायचं नाही असं वरून आलं आहे.”

“वरून म्हणजे कोणाकडून, सर?”

“वरून.”

“पत्र आहे का?”

“सगळ्याचं पत्र नसतं, सोनिका.”

मी म्हटलं, “सर, विंडोजचं वाचणारं बाहेरचं नाही. ते मशीनबरोबरच येतं. आणि धोरण एकाच टेबलापुरतं असतं का?”

ते माझ्याकडे बघून हसले. “तुम्ही आमच्या मशीनवर कोणाच्या परवानगीनं बसला होता, दुर्गेश?”

अर्ज त्यांनी ठेवून घेतला. पोच दिली नाही.

बैठकीला तिघे होते. सुमंत सर, वरच्या कार्यालयातले एक साहेब, जे सारखे मोबाइल बघत होते, आणि बाहेरचे सदस्य म्हणून आलेले विश्वनाथराव, निवृत्त मुख्याध्यापक. सोनिकानं मला मदतनीस म्हणून सोबत नेलं होतं. सुमंत सरांनी अहवाल वाचला. सुरुवातीला काम समाधानकारक, नंतर वेग खालावला, स्वतंत्रपणे काम करण्याची क्षमता दिसून येत नाही. सबब पुढे ठेवणे उचित वाटत नाही.

“तुम्हाला काही सांगायचं आहे का?” मोबाइलवाले साहेब म्हणाले.

“सांगायचं नाही, सर. वाचून घ्यायचं आहे. एक मिनिट माझ्या टेबलापर्यंत चला.”

तिघं तिच्या मागं उभे राहिले. तिनं तीन बटणं दाबली. टण्.

“इथं काय लिहून आलं ते कोणीतरी मोठ्यानं वाचा. मला वाचता येत नाही.”

कोणी वाचेना. सुमंत सर म्हणाले, “तांत्रिक अडचण आहे असं लिहिलं आहे.”

“सर, शब्द न शब्द वाचा ना. मी आंधळी आहे, बहिरी नाही.”

विश्वनाथरावांनी खिशातून चष्मा काढला, पडद्याजवळ वाकले आणि वर्गात धडा वाचावा तसं एकेक इंग्रजी शब्द तोडून वाचलं. वाचून झाल्यावर चष्मा तसाच ठेवून मागं वळले. “निर्बंध? आणि हा प्रशासक कोण? त्याला बोलवा की.”

मी मोबाइलमधले फोटो दाखवले. चार नावं. तारीख. वेळ. पूजेचा फोटो. मोबाइलवाल्या साहेबांनी पहिल्यांदा स्वतःचा मोबाइल खिशात ठेवला. सुमंत सर म्हणाले, कॉम्प्युटरचं घड्याळ चुकीचं असू शकतं. मी त्याच सकाळी त्याच मशीनवरून गेलेला ईमेल उघडून दाखवला. घड्याळ मिनिटाला बरोबर होतं.

मग सुमंत सर उठले, कपाट उघडलं, दाराचा कागद जपून सोडवला आणि टेबलावर ठेवला. “हे अक्षर कोणाचं आहे, दुर्गेश?”

“माझं.”

“पासवर्ड कोणी ठेवला?”

“मी.”

“मग प्रशासक कोण, हे विचारायची गरज आहे का?”

मी सांगितलं, खंडेनवमीला दुपारी मी माझ्या दुकानात होतो, शटर अर्धं ओढून, पेचकस पूजेला मांडून. बोळीतली दहा माणसं सांगतील. सुमंत सर म्हणाले, “दहा माणसं तुमच्या बोळीतली.” मी रंभाबाईंना बोलवायला सांगितलं. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. झेंडूचं विचारलं. त्यांनी एकदा सुमंत सरांकडे पाहिलं, एकदा सोनिकाकडे.

“मले काई आठवत नाई.”

सोनिका म्हणाली, “राहू द्या, मावशी.” एवढंच. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मलाच जास्त लागलं.

विश्वनाथरावांनी हट्ट धरला की चौकशीशिवाय मी सही करणार नाही. म्हणून निर्णय पंधरा दिवस पुढं गेला. मला वाटलं, थोडं तरी जिंकलो. दुसऱ्या दिवशी दुपारी टेम्पो आला आणि सोनिकाचा कॉम्प्युटर ‘फॉरमॅट’साठी घेऊन गेला. एकच. बाकीचे दोन जागेवर. कुठं नेला, पावती कोणाच्या नावानं, कोणी सांगत नाही. मला कार्यालयाच्या दाराच्या आत बंदी आहे. सोनिका रोज साडेदहाला येते, सही करते आणि रिकाम्या टेबलासमोर सहापर्यंत बसते. तिच्या अहवालात हे दिवसही मोजले जाणार आहेत, शून्य काम म्हणून.

आणि ज्या एकसष्ट तक्रारी तिनं उघडल्या होत्या, त्या लोकांच्या मोबाइलवर या आठवड्यात मेसेज आले. ‘आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे.’ नालीवाल्या काकांनी सोनिकाला फोन केला. म्हणाले, “बाई, नाली तशीच आहे. मंग झालं काय?”

तर सांगा. मशीन पुसलं तरी फोटो माझ्याजवळ आहेत, विश्वनाथरावांजवळ आहेत, आणखी चार ठिकाणी आहेत. कुलूप मी बनवलं, हे मी वर कबूल केलं आहे. माझ्या दुकानावर या, पोलिसांना घेऊन या, मी पळत नाही. मला एवढंच विचारायचं आहे, आणि तोंडी नको, सही-शिक्क्याचं उत्तर पाहिजे, पंधरा दिवस संपायच्या आत: खंडेनवमीला बारा चाळीसला, त्या मशीनवरचं फूल उचलून बाजूला कोणी ठेवलं, आणि ती तीन नावं कोणाच्या सांगण्यावरून लिहिली?